मेहली मेहता

मेहली मेहता (२५ सप्टेंबर १९०८, मुंबई – १९ ऑक्टोबर २००२, लॉस एंजेलिस) हे भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंद-संचालक आणि संगीतशिक्षक होते. पाश्चात्त्य अभिजात संगीताचे पूर्ण वेळ शिक्षण देणारी एकही संस्था ज्या शहरात नव्हती, त्या मुंबईत त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी देश सोडला. त्यानंतर मँचेस्टर, फिलाडेल्फिया आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांत मिळून त्यांनी सुमारे साडेचार दशके काढली. लॉस एंजेलिस येथील अमेरिकन यूथ सिम्फनी या तरुण वादकांच्या वाद्यवृंदाचे ते संस्थापक होते आणि १९६४ पासून १९९८ पर्यंत त्याचे संचालक होते. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक झुबीन मेहता हे त्यांचे थोरले पुत्र. बहुतेक भारतीय वाचकांना मेहलींची ओळख 'झुबीन यांचे वडील' एवढीच असते. वस्तुतः झुबीन यांची कारकीर्द ज्या पायावर उभी राहिली, तो पाया मेहलींनी घातला होता.

पार्श्वभूमी

मेहलींचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत पाश्चात्त्य संगीत ऐकले जाई ते मुख्यतः तीन ठिकाणी: युरोपीय अधिकारी व व्यापारी यांच्या वर्तुळात, सुशिक्षित पारशी घरांत आणि गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांच्या वस्त्यांत. त्यांपैकी संगीत हा चरितार्थाचा व्यवसाय होता तो गोमंतकीयांचा. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. असे तयार झालेले वादक मुंबईतील हॉटेले, मूकपटांची चित्रपटगृहे, नृत्यशाळा आणि लष्करी व पोलिसी बँड यांत काम करीत. पारशी घरांत पियानो असे, ग्रामोफोनच्या तबकड्या असत. परंतु मुलाने संगीतावर पोट भरावे ही कल्पना तेथेही सहसा मान्य होत नसे.

मेहलींनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकची परीक्षा उत्तीर्ण केली. ट्रिनिटीचे परीक्षक भारतात येऊन परीक्षा घेत असल्यामुळे इंग्लंडला न जाताही ही पदविका मिळवता येत असे. त्यातून वादकाची पात्रता मोजली जाई. रोजच्या रोज चुका दाखवणारा गुरू मात्र अशा परीक्षेतून मिळत नाही. मेहलींचे सुरुवातीचे घडणे बरेचसे स्वतःच्या कानावर झाले. रशियात जन्मलेला व्हायोलिनवादक याशा हायफेट्झ हा त्यांचा आदर्श होता. त्याच्या तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून स्वराचा घाट आणि गजाची चाल समजून घेणे, हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग होता.

या आदर्शामागे एक दीर्घ परंपरा होती. हायफेट्झचे गुरू लिओपोल्ड आउअर हे मूळचे हंगेरीतील वेस्प्रेम या गावचे. त्यांचा जन्म १८४५ चा. हंगेरियन कुळातील विख्यात वादक योझेफ योआखिम यांच्याकडे शिकून ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि तेथे त्यांनी जवळजवळ अर्धशतक अध्यापन केले. दुसरीकडे बुडापेस्टमध्ये येनो हुबाय यांच्या वर्गातून योझेफ सिगेटी, यूजीन ऑरमंडी यांसारखे वादक बाहेर पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतील व्हायोलिनवादनावर हंगेरियन गुरूंची अशी दाट छाया होती. मुंबईत ती पोहोचली ती तबकडीच्या रूपाने.

याच सुमारास महाराष्ट्रात व्हायोलिनचा अगदी वेगळा प्रवास चालू होता. गजाननबुवा जोशी (जन्म १९११) हे मेहलींहून अवघ्या तीन वर्षांनी लहान. त्यांनी त्याच वाद्यातून ख्यालगायकीची मींड आणि आलापी काढली. एकाच काळात, एकाच प्रांतात, एकाच वाद्यावर चाललेल्या या दोन साधना एकमेकींपासून बहुधा पूर्णपणे अलग राहिल्या. भारतीय पद्धतीत वादक एकटा बसून राग उलगडतो. मेहलींचे स्वप्न मात्र साठ-सत्तर माणसांनी एकत्र श्वास घ्यावा असे होते, आणि ते एकट्याच्या रियाजाने पुरे होणारे नव्हते.

बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा

१९३० च्या दशकात युरोपातील राजकीय परिस्थितीमुळे काही उत्तम संगीतकार मुंबईत आले. त्यांतील वॉल्टर काउफमन हे बोहेमियातील कार्ल्सबाडचे संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले. त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. तिच्या मैफलींत मेहली व्हायोलिन आणि इटालियन वादक एदिजिओ व्हेर्गा चेलो वाजवीत. काउफमन पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. आकाशवाणीची पहाटेची सुपरिचित संकेतधून त्यांची मानली जाते, आणि तिच्यातील व्हायोलिन मेहलींचे आहे असे सांगितले जाते. तसे असेल तर भारतात सर्वाधिक वेळा ऐकले गेलेले व्हायोलिन त्यांचेच ठरेल. ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना वादकाचे नाव ठाऊक होते.

१९३५ मध्ये मेहलींनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पहिली दहा वर्षे ते या वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर होते. कॉन्सर्टमास्टर म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख. संचालकाच्या डाव्या हाताशी, सर्वांत पुढच्या खुर्चीवर तो बसतो. कोणत्या स्वराला गज वर जावा आणि कोणत्या स्वराला खाली यावा हे तो ठरवतो, आणि मागच्या सर्व तंतुवादकांचे गज त्याच्याबरोबर हलतात. बेल्जियन संगीतकार ज्यूल क्रॅन यांनीही या काळात मुंबईत वाद्यवृंद-संचालन केले. १९४५ पासून संचालनाची सूत्रे मेहलींकडे आली. बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट ही चार तंतुवादकांची मंडळीही त्यांनीच जमवली.

या वाद्यवृंदाची रचना समजून घेतली तरच मेहलींच्या कामाचे स्वरूप कळते. युरोपात वाद्यवृंदाला दरबाराचा, नगरपालिकेचा किंवा शासनाचा आश्रय असतो आणि वादक पगारी असतात. मुंबईत तसे काही नव्हते. तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांत पारशी हौशी वादक आणि व्यावसायिक गोमंतकीय वादक शेजारी शेजारी बसत. तुतारीच्या जातीची पितळी वाद्ये आणि फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये यांसाठी नौदलाच्या बँडमधून माणसे मिळवावी लागत. ओबो आणि बसून वाजवणारे वादक तर सबंध शहरात बोटांवर मोजण्याइतके असत. एखादा वादक बदलीवर गेला की बीथोव्हनची संपूर्ण सिम्फनी अडून राही. गोमंतकीय वादकांना रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात काम असे; त्यातून वेळ काढून सराव करावा लागे. शहरातील पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या मैफली त्या काळी प्रामुख्याने सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. तीच इमारत आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय म्हणून ओळखली जाते.

मेहलींचे घर म्हणजे या साऱ्या खटपटीचे कार्यालय होते. दिवाणखान्यात चौकडीचा सराव चाले, विद्यार्थी येत, स्वरलेखनाच्या प्रती तयार केल्या जात. पत्नी तेहमिना आणि झुबीन (जन्म १९३६) व झरीन (जन्म १९३८) हे दोन मुलगे या गजबजाटात वावरत. मुलांना संगीत शिकवण्यासाठी वेगळा प्रयत्न फारसा करावा लागला नाही.

न्यूयॉर्कमधील शिक्षण

दुसरे महायुद्ध संपताच मेहलींनी एक असाधारण निर्णय घेतला. मुंबईतील अग्रगण्य व्हायोलिनवादक म्हणून नाव झालेले असताना, पत्नी आणि दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून ते शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. तेव्हा त्यांचे वय सदतीसच्या आसपास होते. व्हायोलिनच्या शिक्षणात हे वय अतिशय उशिराचे मानले जाते. हाताची ठेवण साधारणतः बाराव्या-पंधराव्या वर्षापर्यंत पक्की होते आणि नंतर ती मोडून पुन्हा बांधणे कष्टाचे असते.

त्यांचे गुरू इव्हान गॅलेमियन हे मूळचे तब्रीझचे आर्मेनियन होते. मॉस्को आणि पॅरिस येथे त्यांचे शिक्षण झाले होते. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड विद्यालयातून त्यांनी इट्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन यांसारखे वादक घडवले. गॅलेमियन शिष्याच्या हाताची नैसर्गिक घडण पाहून त्याला पद्धत देत आणि गजाच्या नियंत्रणावर विशेष भर देत. तबकड्या ऐकून शिकलेल्या वादकाला नेमकी याच गोष्टीची उणीव असते, कारण तबकडीतून स्वर ऐकू येतो, हात दिसत नाही. मेहली मुंबईस परतले ते अधिक समर्थ वादक होऊन. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शिकवण्याची एक सुसंगत रीत ते बरोबर घेऊन आले.

मुंबईतील अखेरची वर्षे

ते परतले तेव्हा शहर बदलले होते. स्वातंत्र्यानंतर युरोपीय रहिवासी मोठ्या संख्येने निघून गेले आणि त्यांच्याबरोबर काही वादक, बरेचसे श्रोते आणि वर्गणीदारही गेले. याच काळात हिंदी चित्रपटसंगीत भरभराटीला येत होते. गोमंतकीय व्हायोलिनवादकांना तेथे नियमित आणि चांगला मोबदला मिळे. त्यांचा कल तिकडे झाला, यात त्यांना दोष देता येत नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशा वादकांतील एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. चित्रपटसंगीताला लाभलेला तंतुवाद्यांचा भरघोस नाद या सर्व वादकांच्या हातून आला. सिम्फनीच्या वाद्यवृंदाला मात्र तेच हात पुरेसे मिळेनात.

या काळातील सर्वांत संस्मरणीय घटना म्हणजे विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांचा १९५२ चा भारत दौरा. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून मेनुहिन आले होते आणि मैफलींचे उत्पन्न दुष्काळनिवारणासाठी देण्यात आले. मुंबईत मेहलींच्या वाद्यवृंदाने त्यांना साथ केली. त्या सुमारास सोळा वर्षांच्या झुबीन यांना वडिलांच्या वाद्यवृंदाचा सराव घेण्याची संधी मिळाली. वैद्यकीय शिक्षणाकडे वळलेला हा मुलगा १९५४ मध्ये संचालनाचे शिक्षण घेण्यासाठी व्हिएन्नाला गेला. पुढच्याच वर्षी मेहलींनीही मुंबई सोडली.

मेहली गेल्यानंतर त्यांनी उभारलेला वाद्यवृंद फार काळ तग धरू शकला नाही. वीस वर्षे एका माणसाच्या चिकाटीवर चाललेले काम संस्थेत रूपांतरित झाले नव्हते. याचा दोष मेहलींकडे किती आणि शहराकडे किती, याविषयी मतभेद होऊ शकतात. वाद्यवृंदाला स्थायी निधी नव्हता आणि नव्या पिढीचे वादक तयार करणारे विद्यालय नव्हते. यांपैकी कोणतीही गोष्ट एका व्हायोलिनवादकाने एकट्याने निर्माण करणे अशक्यप्राय होते, हे मान्य करावे लागते.

मँचेस्टर

१९५५ ते १९५९ या काळात मेहली मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचे सहायक कॉन्सर्टमास्टर होते. १८५८ मध्ये स्थापन झालेला हा वाद्यवृंद ब्रिटनमधील सर्वांत जुन्या वाद्यवृंदांपैकी एक. जॉन बार्बिरोली हे १९४३ पासून त्याचे संचालक होते. महायुद्धातील बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झालेले फ्री ट्रेड हॉल हे सभागृह १९५१ मध्ये पुन्हा उभे राहिले होते आणि हॅलेच्या मैफली तेथे होत. मुंबई बंदरातून एकेकाळी कापसाच्या गाठी ज्या मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात, त्याच गिरणगावात मुंबईचा एक व्हायोलिनवादक नोकरीसाठी जावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

मुंबईत संचालक असलेला माणूस येथे दुसऱ्याच्या संचालनाखाली, कॉन्सर्टमास्टरच्याही खालच्या जागी बसला. बाहेरून पाहता ही पदावनती होती. परंतु रोज सराव करणाऱ्या, पूर्ण वेळ पगारी वाद्यवृंदात आतून बसण्याचा अनुभव मेहलींना आयुष्यात प्रथमच मिळाला. बार्बिरोली स्वतः मूळचे चेलोवादक असल्यामुळे तंतुवाद्यांच्या नादाबद्दल ते कमालीचे काटेकोर होते. पुढे तरुण वादकांना शिकवताना मेहलींना या वर्षांची शिदोरी पुरली.

मेहली मँचेस्टरमध्ये असतानाच, १९५८ मध्ये, जवळच्याच लिव्हरपूल शहरातील आंतरराष्ट्रीय संचालन स्पर्धेत झुबीन यांना प्रथम पारितोषिक मिळाले. त्यानंतर वर्षभर ते तेथील रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकचे सहायक संचालक होते.

फिलाडेल्फिया

१९५९ मध्ये मेहली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे गेले आणि कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेट या ख्यातनाम चौकडीत दुसरे व्हायोलिन वाजवू लागले. याशा ब्रॉडस्की (पहिले व्हायोलिन), मॅक्स अॅरोनॉफ (व्हिओला) आणि ऑर्लँडो कोल (चेलो) हे त्यांचे सहकारी होते. ब्रॉडस्की हे एफ्रेम झिंबालिस्ट यांचे शिष्य आणि झिंबालिस्ट हे आउअर यांचे. ज्या हंगेरियन गुरूची परंपरा मेहलींनी तरुणपणी तबकडीवरून ओळखली होती, तिच्याच एका वारसाच्या शेजारी बसून ते आता वाजवीत होते. त्याच शहराच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे प्रमुख तेव्हा बुडापेस्टच्या हुबाय यांचे शिष्य यूजीन ऑरमंडी होते.

चौकडीतील दुसऱ्या व्हायोलिनचे काम वरवर पाहता गौण वाटते. मुख्य धून बहुधा पहिल्या व्हायोलिनकडे असते आणि तळ चेलो सांभाळतो. दुसरा व्हायोलिनवादक मधल्या स्वरांतून त्या दोहोंना जोडतो, पहिल्याच्या स्वराला रंग देतो आणि गरज पडेल तेव्हा स्वतः मागे सरतो. चौकडी एकसंध वाटते की विस्कळीत, हे पुष्कळदा त्याच्यावर अवलंबून असते. पन्नाशी ओलांडलेल्या मेहलींनी ही जागा सुमारे पाच वर्षे सांभाळली.

लॉस एंजेलिस आणि अमेरिकन यूथ सिम्फनी

मेहलींच्या आयुष्याला शेवटचे आणि सर्वांत फलदायी वळण मिळाले ते पुत्राच्या निमित्ताने. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकच्या संचालकपदासाठी बुडापेस्टमध्ये शिकलेले गेओर्ग शोल्टी यांची निवड झाली होती. परंतु आपल्याला न विचारता व्यवस्थापनाने झुबीन मेहता यांना सहायक संचालक नेमले, हे शोल्टी यांना रुचले नाही आणि पद प्रत्यक्ष स्वीकारण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे १९६२ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, झुबीन त्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. दोन वर्षांनी मेहली व तेहमिना लॉस एंजेलिसला राहायला आले.

१९६४ मध्ये मेहलींची लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वाद्यवृंद विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. या पदावर ते १९७६ पर्यंत होते. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनीची स्थापना केली. विद्यालयातून बाहेर पडलेला वादक आणि व्यावसायिक वाद्यवृंदातील नोकरी यांच्यामध्ये एक मोठी दरी असते. एकट्याने उत्तम वाजवणाऱ्यालाही शंभर जणांत कसे वाजवावे, शेजाऱ्याचे कसे ऐकावे, संचालकाच्या हाताकडे आणि समोरच्या पानाकडे एकाच वेळी लक्ष कसे ठेवावे, हे वेगळे शिकावे लागते. ही दरी भरून काढणे हा या वाद्यवृंदाचा उद्देश होता. किशोरवयापासून पंचविशीपर्यंतच्या वादकांची निवड चाचणी घेऊन केली जाई. मैफली विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये होत आणि त्यांना प्रवेशमूल्य नसे.

मेहली या मुलांकडून सोप्या रचना वाजवून घेत नसत. मालर, ब्रुकनर, रिचर्ड स्ट्राउस यांच्या अवाढव्य रचना, ज्यांच्यासाठी मुंबईत कधी पुरेसे वादकच मिळाले नसते, त्या येथे विशीतील मुलामुलींनी वाजवल्या. त्यांची शिस्त कडक होती. तालमीत ढिलाई चालत नसे आणि वाद्यवृंदातील शेवटच्या रांगेतील वादकाकडूनही पहिल्या रांगेइतकीच अपेक्षा असे. या वाद्यवृंदातून बाहेर पडलेले अनेक वादक लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह अमेरिकेतील नामांकित वाद्यवृंदांत दाखल झाले.

मुंबईतील वाद्यवृंदाशी याची तुलना केल्यास एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९३५ मध्ये मेहलींनी तयार वादक गोळा करून वाद्यवृंद बांधला होता. १९६४ मध्ये त्यांनी वादक तयार करण्यासाठी वाद्यवृंद बांधला. दुसरा प्रयोग सहा दशके चालला. १९९८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, मेहली निवृत्त झाले आणि त्यांच्यानंतर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे कॉन्सर्टमास्टर अलेक्झांडर ट्रेगर यांनी सूत्रे घेतली. आर्थिक अडचणींमुळे ही संस्था २०२४ मध्ये बंद झाली.

कुटुंब

थोरले पुत्र झुबीन हे माँट्रियल, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्रायल येथील वाद्यवृंदांचे प्रमुख संचालक होते. व्हायोलिन आणि पियानोचे पहिले धडे त्यांना घरीच मिळाले. धाकटे पुत्र झरीन यांनी लेखापालनाचा व्यवसाय पत्करला, परंतु पुढे तेही संगीताच्या क्षेत्रातच आले. माँट्रियल सिम्फनी, शिकागोजवळील रॅव्हिनिया महोत्सव आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक यांचे प्रशासन त्यांनी सांभाळले. एक पुत्र मंचावर आणि दुसरा हिशेबाच्या वह्यांपाशी, अशी ही विभागणी झाली. मुंबईत या दोन्ही जबाबदाऱ्या मेहलींना एकट्याने पेलाव्या लागल्या होत्या.

मृत्यू आणि स्मृती

१९ ऑक्टोबर २००२ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे मेहलींचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९९५ मध्ये, मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशनची स्थापना झाली. मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देणे आणि कक्षसंगीताच्या मैफली भरवणे हे या संस्थेचे कार्य आहे. मुंबईला पूर्ण वेळ व्यावसायिक वाद्यवृंद मिळाला तो २००६ मध्ये, राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला तेव्हा. कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह त्याचे संगीतप्रमुख झाले. भारतात पुरेसे प्रशिक्षित वादक नसल्यामुळे आरंभी त्यातील बहुसंख्य वादक परदेशांतून आणावे लागले. वादक घडवण्यासाठी केंद्राने त्यानंतर मुलांचे संगीतवर्ग सुरू केले.